कंटाळ्याचे कुलूप : पॉर्नच्या व्यसनाविषयी इतिहास काय सांगतो? (दीर्घ थ्रेड)

१/
इ. स. १८१९. दोन सिसिलींच्या राज्याचा युवराज फ्रान्सिस पत्नी व कन्येसह नेपल्सचे राजसंग्रहालय पाहावयास गेला. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई आणि हर्क्युलेनियम या नगरांच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तेथे मांडल्या होत्या. त्यांत रतिक्रीडेची भित्तिचित्रे होती, कामुक शिल्पे होती. कन्येसमोर पिता अवघडला. या वस्तू वेगळ्या दालनात कुलूपबंद कराव्यात आणि प्रौढ वयाच्या, सच्चरित्र म्हणून ज्ञात असलेल्या व्यक्तींनाच तेथे प्रवेश द्यावा, अशी सूचना त्याने केली. ते दालन ‘गुप्त कक्ष’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी ते कायमचे खुले व्हायला २००० साल उजाडले.

२/
वाचकहो, आजचा थ्रेड या कुलपांविषयी आहे. त्या कक्षात होते त्याहून कैक पटींनी अधिक साहित्य आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याचा मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आपण दबक्या आवाजात विचारतो किंवा मुळीच विचारत नाही. एका बाजूला ‘तरुण पिढी वाया गेली’ असा आक्रोश आहे, दुसऱ्या बाजूला ‘त्यात काय एवढे’ अशी बेफिकिरी. या दोन्ही भूमिकांना इतिहास पुरेसा आधार देत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे क्रमाने मांडतो.

३/
प्रथम शब्दाची कथा. पाँपेईच्या नागरिकांना ही चित्रे ‘अश्लील’ वाटत नसावीत. ती घरांच्या भिंतींवर उघडपणे रंगवलेली होती; लिंगाची प्रतिमा तर दृष्ट लागू नये म्हणून दारावर, दुकानावर, अगदी भट्टीवरही कोरली जाई. ‘पोर्नोग्राफी’ या शब्दाची मुळे ग्रीक असली, तरी आधुनिक युरोपात तो रुळू लागला १८व्या शतकात. १७६९ मध्ये रेस्तिफ द ला ब्रेतॉन या फ्रेंच लेखकाने वेश्याव्यवसायाच्या नियमनाविषयीच्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात तो वापरला. गुप्त कक्षात काय ठेवावे, हे ठरवता ठरवता १९व्या शतकाने ‘अश्लील’ नावाचे एक स्वतंत्र खाते निर्माण केले.

४/
मग आला कायदा. १८५७ साली ब्रिटिश संसदेत लॉर्ड कॅम्पबेल यांनी अश्लील प्रकाशनांविरुद्ध कायदा आणला. त्याच सुमारास विषांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची चर्चा चालू होती. अश्लील पुस्तके ही विषाहूनही घातक आहेत, असा कॅम्पबेल यांचा युक्तिवाद होता. १८६८ च्या हिक्लिन खटल्यात मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी सांगितली : ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे काय? हीच कसोटी आपल्याकडे आली. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल चाललेल्या खटल्यात, म्हणजे रणजित उदेशी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ती उचलून धरली. २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात ती बाजूला ठेवली गेली.

५/
या कसोटीतील एक गंमत पाहा. बिघडणारे मन नेहमी दुसऱ्याचे असते. कक्षाची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याचे मन शाबूत. स्त्रिया, मुले, नोकरचाकर आणि गरीब यांची मने मात्र कच्ची! शंभर वर्षे न्यायालये ‘या मजकुराने समाज बिघडेल का’ यावर खल करीत राहिली. रात्री दोन वाजता एकट्याने तो मजकूर पाहणाऱ्या माणसाला ‘तुला काय होते आहे’ असे विचारणे हे त्यांचे कामच नव्हते. मानसिक परिणामांचा प्रश्न कायद्याच्या कुलपाबाहेरच राहिला.

६/
दुसरे कुलूप भीतीचे. १८व्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाची एक निनावी पुस्तिका निघाली. हस्तमैथुनाने मनुष्य दुबळा, वेडा, अल्पायुषी होतो, असे तिचे प्रतिपादन होते. आणि उपाय म्हणून औषधांची जाहिरातही तिच्यातच होती! पुढे १७६० मध्ये लोझानचे नामांकित वैद्य सॅम्युएल टिसो यांनी याच भयाला वैद्यकशास्त्राचा पोशाख चढवला. त्यांचा ग्रंथ युरोपभर अनुवादित झाला. त्यानंतरची दीडशे वर्षे डॉक्टर, पाद्री आणि शिक्षक अशा तिघांनीही तरुणांना हेच भय पाजले.

७/
आपल्याकडे या भयाला आयते कोंदण मिळाले. आयुर्वेदातील सप्तधातूंच्या मालिकेत शुक्र हा शेवटचा, म्हणून सर्वाधिक सारभूत धातू. त्यातून ‘रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो’ असा हिशेब लोकांत रूढ झाला. रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती कोणी पाहिल्या नाहीत? अशक्तपणा, निद्रानाश, धडधड, उदासी अशा तक्रारी घेऊन तरुण दवाखान्यात येत आणि कारण सांगत ‘धात जाते’. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या स्थितीला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. लक्षणे खरी होती, यातना खऱ्या होत्या. त्यांच्या मुळाशी मात्र शरीराची झीज नसून मनात रुजलेली भीती आणि अपराधभाव होता.

८/
या भीतीशी महाराष्ट्रात एकाकी झुंज दिली ती र. धों. कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे, जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे. त्या मासिकात वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारीत आणि कर्वे कोणताही आडपडदा न ठेवता उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणाऱ्याला गुन्हेगार न मानता त्याच्याशी बोलायचे, हा धडा त्या मासिकाने घालून दिला.

९/
इथवरचा इतिहास वाचून एक सोपा निष्कर्ष मोह घालतो : “धातुक्षय जसा बागुलबुवा होता, तसेच आजचे ‘पॉर्न-व्यसन’ही. जुनीच भीती, नवे नाव.” माझ्या अनेक इतिहासप्रेमी मित्रांचे हेच मत आहे. मला ते अर्धेच पटते. कारण १९७० च्या सुमारास अमेरिकेत झालेला एक छोटा प्रयोग मला स्वस्थ बसू देत नाही.

१०/
अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात अश्लीलता व पोर्नोग्राफीविषयी एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याच्यासाठी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एक प्रयोग झाला. महाविद्यालयीन वयाच्या २३ तरुणांना रोज ९० मिनिटे, एकूण १५ दिवस, एका खोलीत एकटे बसवले. खोलीत कामुक चित्रपट, मासिके, पुस्तके होती. जोडीला साधे वाचनसाहित्यही होते. पहिल्या दिवसांत तरुण त्या साहित्यावर तुटून पडले. मग वेग मंदावला. हळूहळू ते साधी मासिके चाळू लागले. अखेरीस ते चक्क कंटाळले.

११/
आयोगाने १९७० च्या अहवालात म्हटले की, अशा साहित्यामुळे गुन्हे वाढतात असा पुरावा आढळत नाही. प्रौढांवरील बंदी उठवावी आणि लैंगिक शिक्षण द्यावे. तोवर अध्यक्षपदी आलेले निक्सन संतापले. सिनेटने ६० विरुद्ध ५ मतांनी अहवाल धुडकावला. सोळा वर्षांनी, १९८६ मध्ये, मीस आयोगाने जवळजवळ उलट निष्कर्ष काढला. देश तोच, विषय तोच, निकाल मात्र राजकीय हवेप्रमाणे बदलला. या गदारोळात त्या २३ तरुणांच्या प्रयोगातील एक बारीक नोंद मागे पडली : कंटाळलेल्या तरुणांपुढे नवे साहित्य ठेवले, तेव्हा त्यांचा रस काही अंशी पुन्हा जागा झाला.

१२/
माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली या नोंदीत आहे. खोलीतील साहित्य मर्यादित होते, म्हणून कंटाळा आला. कंटाळा हेच खरे, निसर्गदत्त कुलूप होते. आणि १९७० पर्यंतच्या सर्व मानवी इतिहासात ते शाबूत होते, कारण साहित्यच तुटपुंजे होते. आपल्या आधीच्या पिढीला विचारा. पिवळ्या वेष्टनातले एखादे पुस्तक वर्गभर फिरे, पाने निखळेपर्यंत. मग भाड्याचा व्हिडिओ आला, मग सीडी. प्रत्येक वस्तू मिळवायला धाडस लागे, पैसे लागत, वाट पाहावी लागे. आणि ती संपत असे. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ‘संपणे’ ही अवस्थाच संपली. बोट फिरवले की नवे दृश्य, पुन्हा बोट, पुन्हा नवे.

१३/
नाविन्याला मेंदू असा का भुलतो? १९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूला सौम्य झटका मिळे. उंदीर ती दांडी पुनःपुन्हा दाबतच राहिले. प्रारंभी याला ‘सुखाचे केंद्र’ म्हटले गेले. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवले की, डोपामिन स्रवणाऱ्या पेशी बक्षीस अनपेक्षित असेल तेव्हा चेतवल्या जातात; ठरल्याप्रमाणे मिळालेल्या बक्षिसाला त्या फारशी दाद देत नाहीत. केंट बेरिज यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला : ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. पहिली वाढत असताना दुसरी जागच्या जागी राहू शकते.

१४/
हा भेद ध्यानात ठेवा. २०१४ साली केंब्रिज विद्यापीठात व्हॅलरी व्हून आणि सहकाऱ्यांनी पॉर्न पाहण्यावरचा ताबा सुटलेल्या १९ पुरुषांची तितक्याच इतरांशी तुलना केली. कामुक चित्रफिती पाहताना पहिल्या गटाच्या मेंदूत ज्या भागांत हालचाल वाढली, तेच भाग अमली पदार्थांच्या व्यसनात पदार्थाची खूण दिसताच चेतवले जातात. त्यांची ओढ अधिक होती. आवड मात्र त्या प्रमाणात अधिक नव्हती. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ६४ पुरुषांच्या अभ्यासात, अधिक तास पॉर्न पाहणाऱ्यांच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित एका भागाचे आकारमान कमी आढळले. परंतु पाहण्यामुळे मेंदू तसा झाला की तशा मेंदूमुळे पाहणे वाढले, हे या अभ्यासातून ठरत नाही. ‘पॉर्नमुळे मेंदू आक्रसतो’ असे फॉरवर्ड होणारे संदेश म्हणजे टिसोचेच वंशज होत.

१५/
अनुभवाच्या पातळीवर हे कसे दिसते? ज्याचा ताबा सुटतो, तो बहुधा कामेच्छेने फोन उचलत नाही. परीक्षेचा ताण, एकटेपणा, नकार, रिकामी रात्र यांतून सुटका म्हणून उचलतो. काही मिनिटे मन बधिर होते. मग अपराधभाव येतो. तो सहन होत नाही म्हणून पुन्हा तीच सुटका. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, कालचे आज पुरत नाही म्हणून पूर्वी नकोसे वाटलेले पाहिले जाते. स्वतःच्या शरीराची तुलना पडद्यावरच्या शरीरांशी होते. प्रत्यक्ष जोडीदारासमोर मन परीक्षार्थी बनते. हे सर्वांचे होते असे नव्हे. अनेक प्रौढ माणसे पाहतात आणि विसरतात. आणि हा केवळ पुरुषांचा प्रश्न आहे असेही नाही. स्त्रियांना तर तो कोणाजवळ बोलून दाखवणे अधिकच अवघड जाते.

१६/
येथे जुने भीतीचे कुलूप पुन्हा आठवावे. जोशुआ ग्रब्ज या संशोधकाच्या अभ्यासांत वारंवार आढळले की, ‘मी व्यसनी आहे’ ही भावना माणूस किती पाहतो यापेक्षा, ते पाहणे त्याला किती पाप वाटते याच्याशी अधिक निगडित असते. म्हणजे महिन्यातून एकदा पाहणारा तरुण स्वतःला पतित समजून खंगू शकतो. हा आधुनिक धात सिंड्रोमच नव्हे काय? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकार’ नोंदवताना दोन्ही टोके सांभाळली. दीर्घकाळ, सुमारे सहा महिने किंवा अधिक, ताबा न राहणे. आरोग्य, काम, नाती यांची आबाळ होणे. थांबण्याचे वारंवार प्रयत्न फसणे. आनंद उरला नसतानाही चालूच राहणे, ही लक्षणे. केवळ नैतिक अपराधभावातून येणारा त्रास मात्र निदानाला पुरेसा नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. याला ‘व्यसन’ म्हणावे की आवेगनियंत्रणाचा विकार, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. संघटनेने दुसरा पर्याय स्वीकारला.

१७/
“पण आपल्या संस्कृतीत खजुराहो आहे, कामसूत्र आहे!” हा प्रतिसाद येणारच. आहेच. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला तर सातवाहनकालीन हाल राजाची ‘गाथासप्तशती’ आहे, शाहिरांची शृंगारिक लावणी आहे. मात्र तेथील शृंगार वाचताना काय लक्षात राहते? विरह, वाट पाहणे, डोळ्यांची भाषा, एका विशिष्ट व्यक्तीची ओढ. खजुराहोचे शिल्प हजार वर्षे तेच आहे. बोट फिरवल्याने ते बदलत नाही. त्या परंपरेचा दाखला देऊन शरीराची लाज झुगारायची असेल, तर मी सोबत आहे. अनंत नाविन्याच्या यंत्राचे समर्थन करायचे असेल, तर तो दाखला लागू पडत नाही.

१८/
मग बंदी? २०१५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने ८५७ संकेतस्थळे रोखली गेली. टीका होताच काही दिवसांत आदेश बव्हंशी सैल झाला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे पुन्हा रोखली गेली. परिणाम आपण सारे जाणतो. १८४९ मध्ये नेपल्सच्या गुप्त कक्षाचे दारही बंद करून टाकले होते. १८६० मध्ये गॅरिबाल्डीने शहर घेतले आणि ते पुन्हा उघडले. बाहेरून घातलेली कुलपे अशीच उघडत, मिटत राहतात. (पडद्यावरील व्यक्तींची संमती आणि शोषण हा तितकाच गंभीर विषय, त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहीन.)

१९/
तेव्हा हरवलेले कुलूप प्रत्येकाने स्वतः घडवणे आले. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणे हा उपाय साधा वाटतो, पण तो नेमका ‘मिळवायला पडणारे श्रम’ परत आणतो. हात फोनकडे वळला की “मला आत्ता नेमके काय टाळायचे आहे?” असे स्वतःला विचारणे, हा दुसरा. एकदा घसरलो म्हणून सगळे संपले, असे न मानणे, हा तिसरा. दिवस मोजत बसण्याचे व्रत अनेकदा जुन्या वीर्यरक्षणाच्या हिशेबाकडेच नेते आणि ते मोडले की दुप्पट निराशा येते. आणि ताबा खरोखरच सुटला असेल, तर भिंतीवरच्या जाहिरातीतील क्रमांकाऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतही बोलते.

२०/
शेवटी एक विनंती. एखादा धाकटा भाऊ, एखादी मैत्रीण, वसतिगृहातील खोलीमित्र हा विषय काढण्याचा प्रयत्न करील. बहुधा विनोदाच्या आडून, किंवा ‘एका मित्राला असे होते’ असे सांगत. त्या वेळी हसून उडवू नका आणि उपदेशही करू नका. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्या त्या अनाम वाचकांनाही हेच हवे होते : न बिचकता ऐकणारे आणि खरे सांगणारे कोणीतरी. त्यासाठी एका माणसाने दंड भरला. आपल्याला तर काहीच भरावे लागत नाही.

(समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद प्रतिसादांत अवश्य मांडा. कोणाला जाहीरपणे लिहिणे अवघड वाटत असेल, तर संदेशपेटी खुली आहे.)